हिवाळ्याच्या तोंडावर ॲरिझोना-युटात ट्रेलर नेताय? या चुका टाळा

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गाडीमागे राहण्याचा ट्रेलर (चाकांवरचं छोटं घर) जोडून निघणारे बरेच जण फिनिक्सचं हवामान बघून सामान भरतात. पहिली चूक तीच. फिनिक्स समुद्रसपाटीपासून जेमतेम ११०० फुटांवर आहे, तर फ्लॅगस्टाफ आणि ग्रँड कॅन्यनचा साउथ रिम (दक्षिणेकडचा कडा) सुमारे ७००० फुटांवर. ऑक्टोबरअखेर फिनिक्सला दुपारी एसी लागतो आणि त्याच रात्री फ्लॅगस्टाफला बाहेर ठेवलेल्या बादलीतलं पाणी गोठू शकतं. त्यामुळे प्रत्येक मुक्कामाची आधी उंची बघा, मग तिथलाच हवामानाचा अंदाज. शक्य असेल तर उंचावरची ठिकाणं आधी उरका आणि थंडी वाढेल तसे क्वार्ट्झसाइट, युमा या सखल, उबदार गावांकडे उतरा.

पहाटे फर्नेस (ट्रेलर गरम ठेवणारा हीटर) बंद पडला तर

गॅस संपला असं समजून लोक कुडकुडत बाहेर जातात आणि सिलिंडर बदलतात. गॅस बहुधा असतोच, उतरलेली असते ती बॅटरी. फर्नेस जळतो प्रोपेनवर, पण त्याचा पंखा चालतो १२ व्होल्टवर. व्होल्टेज उतरलं की पंखा मंदावतो, पुरेसा वारा नसल्याने आतला स्विच लागत नाही आणि सुरक्षेसाठी गॅस सुटतच नाही. पंख्याचा मलूल आवाज येतोय पण गरम हवा नाही, असं असेल तर आधी व्होल्टेज तपासा. हिशोब साधा आहे. १०० ॲम्पिअर-तासांची लेड-ॲसिड बॅटरी निम्मीच वापरायची असते. पंख्याने ८ ॲम्पिअर ओढले तर तो सलग सहा तास कसाबसा चालेल. दिवे आणि पाण्याचा पंप वेगळेच. विजेची जोडणी नसेल तिथे थर्मोस्टॅट १३-१४ अंश सेल्सिअसवर ठेवा आणि जाड पांघरुणं घ्या. ऊब हवी म्हणून स्वयंपाकाची शेगडी पेटती ठेवून मात्र कधीही झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, तो जीव घेतो. डिटेक्टरचं बटण दाबून बघा आणि त्याच्यावरची मुदतही वाचा.

पाण्याची नळी रात्रभर नळाला जोडून ठेवली की सकाळी ती काठीसारखी ताठ झालेली असते, कधी जोडच फुटतो. संध्याकाळी टाकी भरा, नळी काढून पूर्ण रिकामी करा आणि रात्री पंपावर भागवा.

रस्त्यावर

ट्रेलरचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. टायरच्या बाजूवर कोरलेल्या डॉट (DOT) क्रमांकाचे शेवटचे चार आकडे बघा: २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. हवा सकाळी, गाडी हलवण्याआधी मोजा. कित्येक ट्रेलर टायर ताशी ६५ मैलांपर्यंतच चालवायचे असतात. पाटीवर ७५ लिहिलंय म्हणून तेवढा वेग गाठू नका.

ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हिचवर, म्हणजे गाडी आणि ट्रेलरच्या जोडावर हवा. सामान मागे कोंबलं की ट्रेलर डोलायला लागतो. अशा वेळी जोरात ब्रेक मारू नका, वेगही वाढवू नका. ॲक्सिलरेटरवरून पाय काढा, स्टिअरिंग सरळ धरा आणि गाडीतल्या ब्रेक कंट्रोलरने फक्त ट्रेलरचे ब्रेक हलके लावा. फ्लॅगस्टाफहून आय-१७ महामार्गाने खाली येताना आधीच खालचा गिअर टाका. ब्रेक तापल्यावर सुचून उपयोग नाही.

धुळीच्या वादळात दिवे लावून कडेला थांबणं घातक ठरतं, कारण मागचा चालक ते दिवे बघून तुमच्यामागे येतो. रस्त्यापासून जमेल तेवढं दूर जा, सगळे दिवे बंद करा, ब्रेकवरून पाय काढा.

बीएलएम (ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट) या सरकारी खात्याच्या जमिनीवर अनेक ठिकाणी १४ दिवस फुकट राहता येतं. पण आत ट्रेलर घालण्याआधी चालत जाऊन बघा, वळायला जागा आहे का. कोरड्या ओढ्याच्या पात्रात तळ ठोकू नका. पॅसिफिकमधल्या चक्रीवादळांचा उरलासुरला पाऊस ऑक्टोबरमध्येही येतो आणि लोंढा येण्यासाठी तुमच्या डोक्यावर ढग असावाच लागतो असं नाही.

युटातल्या झायन राष्ट्रीय उद्यानाच्या १९३० सालच्या बोगद्यातून नॅव्हिगेशन बिनदिक्कत रस्ता दाखवतं. ७ फूट १० इंचांपेक्षा रुंद किंवा ११ फूट ४ इंचांपेक्षा उंच गाडी तिथे आपल्या लेनमध्ये मावत नाही, आणि बरेच ट्रेलर आठ फूट रुंद असतात. आधी ट्रेलर टेपने मोजा, मग पार्कच्या संकेतस्थळावर सध्याचा नियम वाचा आणि तसा रस्ता आखा.