पुणे मनपाच्या बजेटमध्ये आपल्या गल्लीचं काम कसं सुचवायचं

पुण्यात २००६-०७ पासून नागरिकांना आपल्या भागातली कामं सुचवता येतात, पण अजून कित्येक जणांना हे माहीतच नाहीये. ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहरात १९८९ ला लोकांना बजेटमध्ये बोलायला मिळालं, त्याच धर्तीवरची ही गोष्ट आहे. आणि यासाठी कुणाची ओळख लागत नाही, फॉर्म नीट भरता आला पाहिजे बस.

साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मनपा सूचना मागवते, पेपरात जाहिरात येते आणि वेबसाइटवर फॉर्म टाकतात. क्षेत्रीय कार्यालयात (आपण वॉर्ड ऑफिस म्हणतो ते) कागदी फॉर्म पण मिळतो. मुदत फार नसते म्हणून जुलैमध्येच काम ठरवून ठेवा. काम छोटं हवं, ५ लाखांच्या आतलं असा नियम चालत आलाय, यंदाचा आकडा जाहिरातीत बघून घ्या. म्हणजे फुटपाथ, बाकडी, दिवे, बसस्टॉप असलं काही, उड्डाणपूल नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मी पहिल्या वर्षी लिहिलं होतं "आमच्या रस्त्यावरचा फुटपाथ दुरुस्त करावा", त्याचं काहीच झालं नाही, आणि होणार तरी कसं, त्या एका वाक्यावरून जेईला म्हणजे कनिष्ठ अभियंत्याला एस्टिमेटच काढता येत नाही. दुसऱ्या वर्षी मी आणि शेजारच्या काकू सकाळी सहाला टेप घेऊन गेलो. कुठल्या पोलपासून कुठल्या पोलपर्यंत ते खांबावरचे नंबर बघून लिहिलं, लांबी ४२ मीटर, रुंदी दीड मीटर, मध्ये ड्रेनेजच्या दोन चेंबरची झाकणं चार बोटं वर आलेली, काकूंचा पाय तिथेच मुरगळला होता, आणि टोकाला व्हीलचेअर उतरवायला रॅम्प नाही. चार फोटो जोडले, गूगल मॅपचं लोकेशन टाकलं. एका फॉर्मवर एकच काम लिहा, पाच कामं एकत्र लिहिलीत की कुठल्या खात्याकडे पाठवायचं इथेच घोळ होतो. जागा मनपाच्याच मालकीची आहे ना हे आधी विचारून घ्या, सोसायटीच्या आतल्या रस्त्यावर हे पैसे सहसा चालत नाहीत.

फॉर्म दिला की इनवर्ड नंबर (फॉर्म जमा झाल्याचा नोंद क्रमांक) घ्या, ऑनलाइन भरलात तर स्क्रीनशॉट ठेवा. मग आठ-दहा दिवसांनी जेईंना भेटा आणि शांतपणे सांगा की साहेब, पाहणीला याल तेव्हा फोन करा, मी जागेवर येतो. याचा खरंच फरक पडतो, त्यांच्याकडे कामांचा ढीग असतो आणि जागा दाखवणारा माणूस असेल तर त्यांचंही काम सोपं होतं. नगरसेवकांनाही एक प्रत द्या.

जानेवारीच्या आसपास आयुक्त बजेट मांडतात, पुढे स्थायी समिती आणि मुख्य सभा. बजेटचं पुस्तक वेबसाइटवर येतं, त्यात नागरिकांनी सुचवलेल्या कामांची यादी शोधा. तुमचं काम दिसलं तरी थांबू नका, कारण वर्षभरात 'वर्गीकरण' होऊ शकतं, म्हणजे एका कामाचा पैसा दुसऱ्या कामाकडे वळतो. जूनपासून टेंडर निघालं का, वर्क ऑर्डर झाली का हे विचारत राहा. उत्तर मिळालं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज, १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून, एकच विषय आणि १५० शब्दांच्या आत. कामाचं नाव, तरतूद, झालेला खर्च, वर्गीकरणाच्या ठरावाची प्रत एवढंच मागा. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, नाही आलं तर पहिलं अपील करा.

काम सुरू झालं की रोज पाच मिनिटं बघून या, मोजमाप आणि झाकणांची लेव्हल तपासा. आणि दोष दायित्व कालावधी किती आहे ते जेईंना विचारून वहीत लिहून ठेवा, तेवढ्या काळात ब्लॉक उखडले तर ते कॉन्ट्रॅक्टरनेच स्वतःच्या खर्चाने बसवून द्यायचे असतात.