कन्सेंट टर्म्सवर सही करण्याआधी

घटस्फोटात मुलाच्या ताब्याबाबत दोघांचं जमलंय, कोर्टात तसा कागद, म्हणजे संमतीच्या अटी (कन्सेंट टर्म्स), द्यायचा तेवढा राहिलाय, अशा गोव्यातल्या आईबाबांसाठी ही तयारी. जमलं असलं तरी घाई करू नका. बोलण्यात जिथे जिथे 'बघू', 'समजून घेऊ' आलं असेल ती ठिकाणं शोधा आणि तिथे वार, वेळ आणि नाव लिहा. आज तुम्ही एकमेकांशी नीट बोलताय. कागद कामाला येणार तो बोलणं बंद असेल त्या दिवशी.

आधी फाइल लावून घ्या. मुलाचा जन्मदाखला, तुमच्या विवाह नोंदणीचा दाखला, तिघांची आधार कार्डं, शाळेचं बोनाफाईड, लसीकरणाचं कार्ड, पगाराच्या स्लिपा, बँकेचं स्टेटमेंट. गोव्यात परस्पर संमतीच्या घटस्फोटाला अजून 3 नोव्हेंबर 1910 चा पोर्तुगीज काळातला कायदा लागतो आणि मुलांबाबत काय ठरलं तो करार अर्जासोबतच द्यावा लागतो, म्हणून हे शेवटच्या तारखेवर ढकलू नका. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेच्या, म्हणजे गोवा सरकारच्या आरोग्य विम्याच्या, कार्डावर मुलाचं नाव कुणाबरोबर राहणार तेही आताच ठरवा. मूल तापाने फणफणत असताना हॉस्पिटलच्या काउंटरवर ते ठरवायची वेळ येऊ नये.

वेगळा करार केलेला नसेल तर आपल्याकडे लग्नानंतर मालमत्ता दोघांची सामायिक होते, त्यामुळे फ्लॅट, जमीन, दागिने यांची वाटणी याच सुमारास निघते. मुलाचा कागद आणि वाटणीचा कागद वेगळे ठेवा, शक्यतो त्यांची बोलणीही वेगळ्या दिवशी करा. 'फ्लॅट सोडतो, पण दोन रविवार वाढवून दे' ही भाषा एकदा सुरू झाली की मुलाच्या रविवारांचा भाव ठरू लागतो. मेंटेनन्सचंही, म्हणजे मुलाच्या खर्चासाठी द्यायच्या पैशांचंही, तेच. पैसे थकले म्हणून भेट अडवायची नाही आणि भेट चुकली म्हणून पैसे थांबवायचे नाहीत, हे वाक्य कागदात असू द्या. रक्कम एकगठ्ठा लिहू नका. फी, ट्यूशन, युनिफॉर्म, औषधं कुणाकडे, महिन्याच्या कोणत्या तारखेला कोणत्या खात्यात, दरवर्षी वाढ किती, असं फोडून लिहा.

मग एका कागदावर मुलाचा आठवडा मांडा. तुमचा नव्हे, त्याचा. शाळा कुठे, बालरथ (शाळेची बस) किती वाजता येतो, तबल्याचा क्लास कधी, आजी कुठे. एक आठवडा इथे आणि एक तिथे ही वाटणी दिसायला चोख दिसते. पण शाळा फोंड्यात आणि दुसरं घर काणकोणात असेल तर त्या आठवड्यात पोर रोज अंधारात उठणार. तिथे शनिवार-रविवार आणि मे महिन्याची निम्मी सुट्टी जास्त बरी. अगदी लहान मुलाला लांब मुक्कामापेक्षा थोड्या थोड्या, पण वरचेवर भेटी सोसतात.

पोचवणं-आणणं शक्य तिथे शाळेतूनच ठेवा, हे मी आग्रहाने सांगेन. शुक्रवारी सकाळी आईने सोडायचं, संध्याकाळी बाबांनी न्यायचं. दारात समोरासमोर उभं राहून, मधे दप्तर धरलेलं मूल, अशी देवाणघेवाण टळते. दप्तराबरोबर एक छोटी वही जाऊ द्या: औषध दिलं का, प्रोजेक्टला काय लागणार, खोकला कधीपासून आहे. निरोप वहीने न्यायचे. 'बाबांना सांग पैसे आले नाहीत' हे मुलाच्या तोंडी कधीही घालायचं नाही.

सणांवर मात्र बसून वेळ काढा, बहुतेक तंटे इथेच होतात. एक वर्ष तुझं, एक माझं ही सोपी वाटणी चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, लागू पडत नाही. चवथ मूळ घरी असते, सगळी भावकी जमते, माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळांची आरास) बांधायला चुलतभाऊ असतात. त्या गर्दीतून मूल वर्षाआड गैरहजर राहिलं तर त्याला ते लागतं. त्यापेक्षा पहिला दीड दिवस बाबांच्या मूळ घरी आणि उरलेली सुट्टी आईकडे, असं दरवर्षीचं ठरवा. ज्या घरी पाच दिवसांचा गणपती असतो तिथे दिवस वेगळे पडतील. दिवाळीची पहाट, शिगमो (आपला होळीचा सण), दोन्हीकडच्या ग्रामदेवतांच्या जत्रा, मुलाचा वाढदिवस, सगळं नावाने लिहा. सुतक आलं तर काय, तेही.

कुणी बोटीवर किंवा गल्फला असेल तर तो घरी असेल त्या महिन्यांचं वेळापत्रक वेगळं करा आणि एरवी व्हिडिओ कॉलची वेळ ठरवा. सर्वोच्च न्यायालयाने 2020 च्या एका निकालात फोन आणि व्हिडिओ कॉलवरचा संपर्कही मुलाच्या हक्काचा मानला आहे. पासपोर्ट कुणाकडे राहणार आणि परदेशी नेण्याआधी किती दिवस कळवायचं, ते लिहा. पोर्तुगालात मुलाची जन्मनोंद करायची झाल्यास दोघांची लेखी संमती हवी, असं कलम आपल्याकडे घालावंच. त्या नोंदीतून पोर्तुगीज नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व राहत नाही.

मूल समजत्या वयाचं असेल तर न्यायाधीश त्याचं मत विचारात घेऊ शकतात, 1890 च्या पालक व पाल्य कायद्यातच ते आहे. त्याला पढवून नेऊ नका. आज आपण कुठे जातोय आणि कुणाशी बोलायचंय, एवढंच सांगा, शक्य असेल तर दोघांनी मिळून.

मूल वाढेल, शाळा बदलेल, कुणाची बदली होईल. परिस्थिती बदलली की ताब्याचा आदेशही बदलून मागता येतो, तरी दर मे महिन्यात दोघांनी बसून वेळापत्रक तपासायचं कलम आताच घाला. आदेश हातात आला की प्रमाणित प्रती जास्तीच्या काढा. एक शाळेच्या मुख्याध्यापकांना द्या, मुलाला शाळेतून कोण कोण नेऊ शकतं त्या नावांच्या चिठ्ठीसकट, आणि त्यात दोन्हीकडच्या आज्यांची नावं विसरू नका.