शाळेतले टॅब, प्रोजेक्टर आणि पॅनेल : या चुका टाळा

तालुक्यातल्या एखाद्या शाळेत यंत्र बंद पडले की 'तंत्रस्नेही शिक्षक' म्हणून मला फोन येतो. "सर, टॅब चालूच होत नाहीत, जरा येऊन जा." जाऊन बघावे तर यंत्रात मुळात दोष नसतो. चुका त्याच त्या, शाळा तेवढी वेगळी. ज्यांच्याकडे यंदा नवे साहित्य येणार आहे त्यांनी तरी त्या करू नयेत, म्हणून हे लिहितो आहे.

कपाटात कुलूपबंद टॅब

लोकवर्गणीतून टॅब येतात. सरपंचांच्या हस्ते कार्यक्रम होतो, फोटो निघतात, डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, नोंद होते आणि टॅब लोखंडी कपाटात जातात. किल्ली मुख्याध्यापकांकडे. विचारले तर उत्तर एकच : "पोरांनी फोडले तर भरून कोण देणार?" ही भीती खोटी नाही. ऑडिटला वस्तू दाखवावी लागते, निकामी वस्तू नोंदीतून काढण्याची, म्हणजे निर्लेखनाची, प्रक्रिया किचकट असते आणि फुटलेल्या काचेचा जाब शिक्षकालाच विचारला जातो. पण कपाटात टॅब सुरक्षित राहतो, हा समज साफ चुकीचा आहे.

लिथियम बॅटरी टॅब बंद असतानाही थोडी थोडी उतरत राहते. चार्जिंग संपलेला टॅब तसाच ठेवला आणि जूनमध्ये शाळा उघडल्यावर बाहेर काढला, तर बॅटरी इतकी खाली गेलेली असते की आतले संरक्षक सर्किट तिला चार्जच होऊ देत नाही. उलट पूर्ण चार्ज करून ठेवलेल्या बॅटऱ्या मे महिन्यात तापलेल्या पत्र्याच्या कपाटात फुगतात. पाठीमागचे झाकण उचललेले दिसले की समजा, तो टॅब संपला. त्याला दाबू नका, टोचू नका, "एकदा लावून तर बघू" म्हणून चार्जर जोडू नका. आग लागू शकते. वेगळा काढून ई-कचऱ्यात द्या.

मी सुट्टी लागण्याआधी निम्म्याच्या आसपास चार्जिंग ठेवून टॅब बंद करतो, सावलीच्या भिंतीकडच्या लाकडी फडताळात ठेवतो आणि सुट्टीत मध्ये एकदा जाऊन बघून येतो. पण हा झाला सुट्टीपुरता इलाज. शाळा सुरू असताना टॅब रोज मुलांच्या हातात असायला हवा. २००७ साली रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात खैराट या वस्तीच्या शाळेत 'एका मुलामागे एक लॅपटॉप' या जागतिक प्रकल्पातले लॅपटॉप आले होते. लॅपटॉप मुलाचा आणि तो त्याने घरी न्यायचा, हे त्या प्रकल्पाचे तत्त्वच होते. आपण इतक्या वर्षांनंतरही शाळेच्या चार भिंतींत मुलाच्या हाती टॅब द्यायला कचरतो. 'प्रथम' संस्थेच्या 'असर २०२४' या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीत १४ ते १६ वयोगटातल्या ८२ टक्क्यांहून जास्त मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. आदल्या आठवड्यात त्यातल्या ७६ टक्के मुलांनी तो सोशल मीडियासाठी वापरला होता आणि अभ्यासाच्या कामासाठी ५७ टक्क्यांनी. फोन कसा धरायचा हे मुलांना आपण शिकवायला नकोच. अभ्यासाला कसा वापरायचा, हे मात्र शाळेशिवाय कोण दाखवणार?

एक गोष्ट आवर्जून बघा. पाच जणांत एक टॅब दिला की तो सर्वांत दांडग्या मुलाच्या हातात जातो आणि मुली मागे उभ्या राहून नुसत्या बघतात. माझ्या वर्गात पहिला नंबर मुलींचा असतो आणि दर दहा मिनिटांनी टॅब पुढच्याकडे जातो. घड्याळ लावून.

शिक्षकाच्या खासगी जीमेलवर सगळे टॅब

ही चूक सर्वांत महागात पडते. एका शाळेत गावकऱ्यांनी बारा टॅब दिले होते. तिथल्या उत्साही गुरुजींनी एका संध्याकाळी सगळे टॅब स्वतःच्या जीमेलवर सुरू केले. वर्ष-दीड वर्ष छान चालले. मग त्यांची जिल्हा बदली झाली. पदभार (चार्ज) देताना टॅब मोजून दिले, सही झाली. स्क्रीनचा पॅटर्न आणि खात्याचा पासवर्ड मात्र कागदावर कुठेच नव्हता.

नव्या शिक्षकांना टॅब उघडेनात. त्यांनी थांबून आधीच्या गुरुजींना फोन करायला हवा होता. तसे न करता एक व्हिडिओ बघून, पॉवर आणि आवाजाचे बटण एकत्र दाबून, एका दुपारी बाराच्या बारा टॅब रीसेट केले. एकावर करून बघण्याचाही धीर धरला नाही. अँड्रॉइडमध्ये चोरीपासून संरक्षण म्हणून एक सोय असते : असा बाहेरून रीसेट केला की टॅब आधीचेच गुगल खाते मागतो आणि ते मिळेपर्यंत पुढे सरकत नाही. आता फोन केला तर गुरुजींना मेल आठवत होता, पासवर्ड नाही. तो बदलायला ओटीपी हवा आणि ओटीपी जाणार जुन्या, बंद झालेल्या नंबरवर. तेवढ्यात कोणीतरी दोन टॅब तालुक्याच्या मोबाइल दुकानात नेले. तिथल्या मुलाने कुठले तरी सॉफ्टवेअर मारले आणि ते दोन्ही कायमचे गेले. मला बोलावले ते यानंतर.

वाट एकच उरली होती. खरेदीचे बिल घेऊन कंपनीच्या सेवा केंद्रात जायचे. बिल शाळेत नव्हते, ग्रामपंचायतीच्या दप्तरात सापडले. उरलेले दहा टॅब उघडले खरे, पण तोवर वार्षिक परीक्षा झाली होती. त्या वर्षीची सातवीची मुले शेवटच्या वर्षी टॅबला हात न लावता हायस्कूलला गेली. याचे मला आजही वाईट वाटते.

म्हणून शाळेच्या नावाने वेगळे जीमेल खाते काढा. त्याला मुख्याध्यापकांचा आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या एखाद्या सदस्याचा असे दोन नंबर जोडा. पासवर्ड कागदावर लिहून पाकिटात बंद करा आणि ते पाकीट पदभाराच्या यादीत वस्तू म्हणून धरा. बिलाची झेरॉक्स डेडस्टॉक रजिस्टरलाच चिकटवा. टॅब रीसेट करायचाच असेल तर आधी सेटिंगमध्ये जाऊन खाते काढा. आणि "पाच मिनिटांत लॉक तोडा" असले व्हिडिओ बघून शाळेच्या वस्तूवर प्रयोग करू नका. ती वस्तू लोकांच्या पैशाची आहे.

बाकीच्या चुका थोडक्यात

प्रोजेक्टर थेट विजेच्या बोर्डावरून बंद करू नका. रिमोटने बंद करा, पंखा थांबेपर्यंत थांबा, मगच बटण. दिवा तापलेला असताना वीज तोडली की त्याचे आयुष्य घटते आणि नवा दिवा स्वस्त नसतो. जाळीतली धूळ दर पंधरवड्याला ब्रशने काढा. खडूचा फळा शेजारी असेल तर दर आठवड्याला.

पॅनेल, म्हणजे बोटाने चालणारा मोठा डिजिटल फळा, आपोआप कुठेही क्लिक करत असेल तर तंत्रज्ञ बोलावण्याआधी खिडकी बघा. बऱ्याच पॅनेलमध्ये स्पर्श ओळखायला चौकटीतून अदृश्य किरण सोडलेले असतात. त्यावर थेट ऊन पडले किंवा कडेला धूळ साचली की ते गोंधळतात. पडदा लावा, कडा कोरड्या कापडाने पुसा.

बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड मुलांसमोर पहिल्यांदा स्कॅन करू नका. रेंज जाते, चाळीस मुले ताटकळतात. दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपवर पाठाचे साहित्य आदल्या रात्री घरी उतरवून घ्या, वर्गात ते नेटशिवाय चालते.

वर्गात व्हिडिओ लावून स्वतः सरकारी पोर्टलची माहिती भरत बसू नका. माहितीचा तगादा किती असतो ते मी जाणतो, पण दर दोन-तीन मिनिटांनी थांबवून प्रश्न न विचारलेला व्हिडिओ मुले बघतात आणि विसरतात.

सायबर कॅफेतून आणलेला पेनड्राइव्ह शाळेच्या संगणकाला लावू नका.

एकच प्रशिक्षण करून आलेले काही जण लगेच मोठ्या पॅनेलची मागणी करतात. त्यांना मी आधी मीटर दाखवायला सांगतो. बिल थकून वीज तोडलेल्या शाळा मी पाहिल्या आहेत. अर्थिंग आहे का, इन्व्हर्टरच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर कोण घालणार, वर्षाचे बिल कोण भरणार, हे ठरल्याशिवाय खरेदी नको. बिलाची जबाबदारी ग्रामपंचायत घेत असेल तर ठरावाची प्रत आधी फाइलला लावा, ऑर्डर नंतर द्या.