सर्पदंशात एएसव्ही देताना: ग्रामीण रुग्णालयातल्या नर्स-डॉक्टरांसाठी

मराठवाड्यात सोयाबीन काढणीला आलं की घोणस, फुरशाचे दंश येऊ लागतात. एएसव्ही (अँटी-स्नेक व्हेनम) म्हणजे सापाच्या विषाविरुद्ध घोड्याच्या रक्तात तयार झालेल्या अँटीबॉडीज. रुग्णाच्या रक्तात फिरणारं विष त्या पकडतात, झालेली इजा भरून काढत नाहीत. म्हणून उशीर नको.

आधी रक्त गोठतंय का ते पाहा. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत शिरेतलं २ मिली ताजं रक्त घ्या, २० मिनिटं अजिबात हलवू नका, मग एकदाच तिरकी करा. रक्त वाहिलं तर घोणस-फुरशाचं विष धरा. इथे सगळ्यात जास्त चुका नळीच्याच होतात: प्लॅस्टिकची किंवा साबणाने धुतलेली नळी असेल तर निरोगी माणसाचंही रक्त गोठत नाही. मण्यारीच्या दंशात रक्त गोठतं, पण पापण्या जड होतात; त्या बघायच्याच.

एएसव्हीच्या भुकटीच्या प्रत्येक कुपीत १० मिली निर्जंतुक पाणी घालून हळूच गोल फिरवा. घाईने हलवली की फेस होतो, प्रथिनं बिघडतात. सुरुवातीला १० कुप्या सलाइनमधून तासाभरात. लहान मुलांनाही तेवढ्याच, कारण विष तेवढंच असतं. टेस्ट डोस नको. त्यातून रिअॅक्शनचा अंदाज येत नाही.

अॅड्रेनालिन आधीच सिरिंजमध्ये भरून ठेवा. खाज, गांधी, उलटी, धाप यांपैकी काहीही दिसलं की एएसव्ही थांबवून मोठ्यांना मांडीच्या स्नायूत ०.५ मिग्रॅ द्या. सावरल्यावर एएसव्ही पुन्हा हळू सुरू करा. सहा तासांनी नळीची चाचणी परत.