पद्मिनी पेट्रोल ओढत नाही? पंप बदलण्याआधी हे तपासा

पावसाळाभर पडवीत उभी असलेली पद्मिनी, म्हणजे जुनी प्रीमियर पद्मिनी मोटार, ऐन गणपतीत सुरू होत नाही, नाहीतर मे महिन्यात कुंभार्ली घाट चढताना गचके खाऊन बंद पडते. दोन्ही वेळा पहिला आळ येतो फ्युएल पंपावर, म्हणजे मेस्त्री ज्याला एसी पंप म्हणतात त्या, टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या पंपावर. पण अनेकदा पंप धडधाकट असतो. दोष पाईपात, टाकीत किंवा उन्हाच्या तापात असतो. म्हणून आधी तपासा, मग पैसे घाला.

इंजिन गार होऊ द्या. जवळपास विडी-काडी नको, वाळूची बादली हाताशी असू द्या.

एअर फिल्टर काढून कार्ब्युरेटरच्या (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाच्या) तोंडात बघत ॲक्सिलरेटरची दांडी झटकन ओढा. आत बारीक धार उडाली तर पेट्रोल पोचतंय. मग ठिणगीची बाजू, म्हणजे प्लग, पॉइंट, कॉइल बघा. कोरडं असेल तर पुढे चला.

टाकीचं झाकण उघडा. फुस्स करून हवा आत शिरली आणि गाडी लगेच सुरू झाली, तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. पेट्रोल किती आहे ते काट्यावर विसंबून ठरवू नका, कोरडी काठी बुडवून बघा.

घाटात बंद पडली असेल तर घाई करूच नका. तापलेल्या इंजिनाजवळच्या पाईपात पेट्रोलची वाफ होते आणि पंपाला ती ढकलता येत नाही. पंपावर व पाईपवर ओलं फडकं टाका, बॉनेट उघडं ठेवून अर्धा तास थांबा. तेवढ्यावर सुरू झाली तर पंपाला हात लावू नका.

आता खरी परीक्षा. कार्ब्युरेटरकडे जाणारा पाईप सोडून त्याचं तोंड काचेच्या बाटलीत धरा. कॉइलची मधली जाड वायर काढून बॉडीला अर्थ करा, म्हणजे ठिणगी उडणार नाही. सोबतच्याला सेल्फ मारायला सांगा. पंप कॅमशाफ्टवर (इंजिनाच्या व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर) चालतो आणि तो क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, निम्म्या वेगाने फिरतो, त्यामुळे क्रँकच्या दर दोन फेऱ्यांना एक ठसठशीत पिचकारी यायला हवी. तशी आली तर पंप चांगला आहे. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल आत सोडणारी सुई अडकलीय का बघा.

पिचकारीबरोबर बुडबुडे आले तर टाकी ते पंप या भागात कुठेतरी हवा शिरतेय. हा सगळ्यात फसवा दोष. तिथे पंप ओढत असतो, त्यामुळे भेगेतून पेट्रोल गळण्याऐवजी हवा आत जाते आणि जमिनीवर थेंबही दिसत नाही. सध्याच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुनं रबर फुगतं, भेगाळतं. रबरी तुकडे वाकवून वाकवून बघा. शंका आली की बदला.

काहीच आलं नाही तर पंपाची ओढणारी नळी स्वच्छ डब्यातल्या पेट्रोलात बुडवून पुन्हा सेल्फ मारा. आता पिचकारी आली तर टाकीकडची वाट तुंबलीय. आपल्या दमट, खाऱ्या हवेत अर्धी रिकामी टाकी आतून गंजते, शिवाय इथेनॉल ओलावा धरतं. टाकीतलं थोडं पेट्रोल बाटलीत काढून ठेवा. तळाशी वेगळा थर बसला तर ते पाणी. झाकण उघडं ठेवून पाईपात टाकीच्या दिशेने पायपंपाने हवा मारा. तोंडाने ओढू नका.

डब्यातून ओढूनही कोरडं? मग पंपच. आधी वरचं झाकण काढून जाळी धुवा, पॅकिंग बघा. पंपाखालच्या बारीक भोकातून पेट्रोल टपकत असेल किंवा ऑइलच्या डिपस्टिकला पेट्रोलचा वास येत असेल, तर डायफ्राम, म्हणजे पंपातला लवचिक पडदा, फाटलाय. अशी गाडी अजिबात चालवू नका; पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खातं. डायफ्रामबरोबर ऑइलही बदला.

पंप दुरुस्तीचं किट इथेनॉलला टिकणारं मागा. पंप उघडण्याआधी दोन्ही भागांवर खूण करा. परत बसवताना पंपाची दांडी कॅमवर नीट टेकलीय ना ते बघा, आणि पंप व इंजिन यांच्यामधलं पॅकिंग पूर्वीच्याच जाडीचं घ्या. जाड पॅकिंगने दांडीची हालचाल कमी होते आणि नवा पंपही अर्धवट ओढतो.

इलेक्ट्रिक पंप लावायचा मोह झाला तर त्याचा दाब विचारून घ्या. कार्ब्युरेटरला २ ते ४ पीएसआय (दाबाचं माप) पुरतो. इंजेक्शनच्या गाडीचा पंप ४० पीएसआयच्या आसपास दाब देतो. तो लावला तर पेट्रोल उतू जाऊन तापलेल्या इंजिनावर सांडेल.