निर्यात-नियंत्रणाची फाइल कशी लावायची: बेळगाव भागातल्या कारखान्यांसाठी

उद्यमबाग, मच्छे, हत्तरगीहून परदेशी जाणारं बरंचसं कास्टिंग आणि मशीनिंग साध्या मालात मोडतं. पण विमानाचे काही भाग, ठरावीक व्हॉल्व्ह-पंप आणि त्यांची ड्रॉइंग्ज केंद्राच्या ‘स्कोमेट’ यादीत (लष्करी किंवा दुहेरी वापराच्या, निर्यातीवर नियंत्रण असलेल्या मालाची यादी) बसू शकतात. मग डीजीएफटीचा (विदेश व्यापार महासंचालनालयाचा) परवाना लागतो, यादीच्या सहाव्या वर्गातल्या युद्धसामग्रीला संरक्षण उत्पादन विभागाचा. शिवाय सगळे कागद ५ वर्षं सांभाळायचे, छापील किंवा संगणकावर.

आमचा सल्ला ८ वर्षांचा. जीएसटीच्या वह्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने ठेवाव्या लागतात, कंपनी असेल तर हिशेब ८ आर्थिक वर्षं. एकाच ऑर्डरचे कागद तीन मुदतींत निवडत बसलं की नको तोच कागद रद्दीत जातो.

फाइल ऑर्डरवार लावा, महिनावार नको. पहिल्या पानावर वर्गीकरणाची टीप हवी: पार्ट नंबर, ड्रॉइंगचं रिव्हिजन, धातूची ग्रेड, यादीतली कोणती नोंद तपासली, कोणत्या मापामुळे माल आत किंवा बाहेर ठरला, तारीख आणि सही. माल यादीत नाही असं ठरलं तरी टीप लिहाच. पुढे विचारणा झाली तर हाच कागद कामाला येतो. त्या दिवशीच्या यादीचं पानही जोडा, कारण यादी बदलत राहते. रसायनाच्या व्हॉल्व्हला मापाबरोबर रसायनाला लागणाऱ्या भागाचा धातूही पाहतात. रिव्हिजन ‘बी’मधलं बिडाचं काम ‘सी’मध्ये निकेल मिश्रधातूचं झालं, तर जुनी टीप चालत नाही, नवी लिहा.

त्यामागे ऑर्डर, करार, अंतिम वापराचं प्रमाणपत्र (माल शेवटी कोण, कशासाठी वापरणार याचं), परवान्याचा अर्ज जोडपत्रांसकट, ग्राहकाशी आणि सरकारी खात्यांशी झालेला पत्रव्यवहार, इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल (कस्टमला दिलेला निर्यातीचा कागद), बिल ऑफ लेडिंग किंवा एअरवे बिल (जहाजाची किंवा विमानाची मालपावती) आणि पैसे आल्याचा बँकेचा पुरावा. प्रमाणपत्रावरचं अंतिम वापरकर्त्याचं नाव-पत्ता परवान्याशी अक्षर न् अक्षर जुळवा.

परवान्याला शिल्लक-वही लागते. १०० नगांच्या परवान्यावर ४० गेले, मग ३५ गेले, तर शिल्लक २५. डिस्पॅचवाल्याने ही वही न बघता ३० नग भरले की ५ नग विनापरवाना निघाले.

सगळ्यात जास्त चूक ड्रॉइंगमध्ये होते. यादीतल्या तंत्रज्ञानाचं ड्रॉइंग परदेशी ईमेल केलं, तर खोकं हललं नाही तरी ती निर्यातच. म्हणून तारीख, फाइलचं नाव, रिव्हिजन, घेणारा आणि देश यांची नोंद ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर ड्रॉइंग पाठवणं बंद करा. फोन बदलला की पुरावा गेला.

उद्यमबागेतून हत्तरगीच्या एसईझेडला (विशेष आर्थिक क्षेत्राला) स्कोमेट माल दिला तर निर्यात परवाना लागत नाही. मात्र माल दिल्यापासून एका आठवड्यात पुरवठादाराने त्या एसईझेडच्या विकास आयुक्तांना ठरलेल्या नमुन्यात कळवायचं. त्याची पोच चलनाला टाचा.

मूळ कागद कस्टम एजंटकडे पडून राहतात. माल सुटल्यावर आठवड्याभरात मागवा. थर्मल कागदावरच्या पावत्यांचं अक्षर उडतं, त्या लगेच स्कॅन करा. पत्रव्यवहार कामगाराच्या खासगी मेलवर नको, कंपनीच्या मेलवरच हवा. स्कॅनची दुसरी प्रत कारखान्याबाहेर ठेवा आणि दर सहा महिन्यांनी एखादी जुनी फाइल खरंच उघडते का ते बघा.