‘बाय’ की ‘अन्टिल’? ‘पर्यंत’ लिहिताना या चुका टाळा

‘शुक्रवारपर्यंत अर्ज द्या’ आणि ‘शुक्रवारपर्यंत थांबा’. मराठीत दोन्हीकडे ‘पर्यंत’ चालतं. इंग्रजीत मात्र पहिल्याला ‘बाय फ्रायडे’, दुसऱ्याला ‘अन्टिल फ्रायडे’. ऑफिसात नव्या मुलांचे ईमेल मी तपासते आणि सगळ्यात जास्त लाल खुणा इथेच पडतात.

एकाने परदेशातल्या ग्राहकाला लिहिलं, ‘यू कॅन यूज द टेस्ट सर्व्हर बाय फ्रायडे.’ त्याला म्हणायचं होतं की शुक्रवारपर्यंत वापरून घ्या, मग बंद करतोय. ग्राहकाने अर्थ घेतला की सर्व्हर शुक्रवारच्या आत तयार होईल. ते आठवडाभर थांबले. शुक्रवारी संध्याकाळी आम्ही ठरल्याप्रमाणे सर्व्हर बंद केला आणि सोमवारी त्यांची माणसं टेस्टिंगला बसली! मग फोन, माफी, पुन्हा सगळी जुळवाजुळव. व्याकरण तपासणाऱ्या ॲपने त्या वाक्याखाली रेघ ओढली नव्हती, कारण व्याकरण बरोबरच होतं. त्यामुळे ‘ॲपमध्ये चेक केलंय’ हे उत्तर मी ऐकून घेत नाही.

मी ‘पर्यंत’ काढून तिथे ‘च्या आत’ घालून बघते. ‘शुक्रवारच्या आत अर्ज द्या’ बसतं, म्हणजे ‘बाय’. ‘शुक्रवारच्या आत थांबा’ बसत नाही. थांबणं शुक्रवार येईस्तोवर चालूच राहतं, म्हणून ‘अन्टिल’.

नकारार्थी वाक्यात जास्त जपा. ‘आय वोन्ट फिनिश अन्टिल फ्रायडे’ म्हणजे काम शुक्रवारी होईल, त्याआधी नाही. ‘आय वोन्ट फिनिश बाय फ्रायडे’ म्हणजे शुक्रवार उलटला तरी काम बाकीच. साहेबांना यातलं नेमकं काय कळवायचंय, ते आधी ठरवा.

‘तो येत नाही तोपर्यंत थांबतो’ याचं ‘अन्टिल ही डझन्ट कम’ होत नाही. ‘अन्टिल ही कम्स’ म्हणा, मराठीतला ‘नाही’ तिथे गळतो. शब्दाला शब्द लावून मोकळं व्हायची घाई असली की हे हमखास चुकतं.

‘टिल’ला ‘अन्टिल’चं अशुद्ध रूप समजू नका, तो उलट जुना शब्द आहे. स्पेलिंगमध्ये ‘टिल’ला दोन एल, ‘अन्टिल’ला एकच.

पाच हजारांपर्यंत खर्च: ‘अप टू’. दादरपर्यंत चालत: ‘ॲज फार ॲज दादर’.

‘अन्टिल ३१ मार्च’ लिहिलं की ३१ तारीख धरायची की नाही, यावर वाद होतो. मी ‘अप टू अँड इन्क्लूडिंग ३१ मार्च’ लिहिते. लांबलचक वाटलं तरी करारात तेच लिहा.